नेमा 23 ला डीएम542 लावला, वाचा मग घ्या

छोट्या सीएनसी राउटरसाठी (कॉम्प्युटरवर चालणारं कोरीवकामाचं मशीन) 3 अँपियरवाल्या नेमा 23 साइजच्या तीन स्टेपर मोटारी (एकेक स्टेप घेत फिरणाऱ्या) घेतल्या आणि पैसे वाचवायचे म्हणून टीबी6600 ड्रायव्हर (मोटारीला करंट पुरवणारं सर्किट) अन घरात पडलेला 12 व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) लावला. हळू चालवलं की ठीक, जरा स्पीड वाढवला की मोटार नुसती किंचाळायची अन जागच्या जागी थरथरायची, मी आपला ड्रायव्हरलाच शिव्या घालतोय. घोळ व्होल्टेजचा होता हो, कॉइलच्या इंडक्टन्समुळे (करंट बदलायला कॉइल करते तो विरोध) कमी व्होल्टेजवर स्पीडला करंट वेळेत चढतच नाही, टॉर्क (फिरवायची ताकद) गळतो.

मग पुण्यात तापकीर गल्लीतून डीएम542 ड्रायव्हर आणले, 20 ते 50 व्होल्ट चालतात, पीक 4.2 अँपियर, सोबत 36 व्होल्ट 10 अँपियरचा एसएमपीएस. दुकानदार 48 चा गळ्यात मारत होता, पण मोटार झटकन थांबली की व्होल्टेज उलटं सप्लायवर चढतं, 50 च्या इतक्या जवळ कशाला जायचं?

एक मित्र म्हणे तीन मोटारी, दोन-दोन फेज (कॉइल), प्रत्येकी 3 अँपियर, म्हणजे 18 अँपियर हवेत. छे! ड्रायव्हर करंट चॉप करतो (भराभर चालू-बंद करून मर्यादेत ठेवतो), सप्लायकडून बराच कमी ओढतो. ड्रायव्हरवरचे डिप स्विच (करंट ठरवायचे छोटे खटके) 2.84 अँपियरवर ठेवलेत, आवाज निम्मा झाला, स्टेप चुकत नाही. पाचपैकी साडेचार, मॅन्युअलची अक्षरं मुंगीएवढी आहेत म्हणून अर्धा कापला.