सोर्डारियाचा लिंकेज मॅप: सात महिने वापरल्यावर

"मॅडम, मॅन्युअलमध्ये २६ आहे, आपलं २० का येतंय?" ऑक्टोबरात टीवायच्या एका मुलीने विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. जूनपासून नाशिकच्या आमच्या लॅबमध्ये सोर्डारिया या बुरशीचा लिंकेज मॅप, म्हणजे गुणसूत्रावर जनुकं कुठे आणि किती अंतरावर आहेत त्याचा नकाशा, शिकवतेय. ते २६ म्हणजे बीजाणूंच्या टॅन रंगाच्या जनुकाचं सेंट्रोमिअरपासूनचं (गुणसूत्राच्या दोन प्रती जिथे जोडलेल्या असतात ती जागा) अंतर, मॅपच्या एककांत. काळ्या बीजाणूंचा रानटी वाण आणि टॅन (फिकट तपकिरी) बीजाणूंचा वाण यांचा संकर करायचा, पेरिथेशियम (बुरशीचं बारीक फळ) कव्हरस्लिपखाली हलकेच दाबायचं, केळीच्या फणीसारखे अ‍ॅस्कस (बीजाणूंच्या लांबट पिशव्या) पसरतात. प्रत्येकात आठ बीजाणू ओळीने. सलग चार काळे, चार टॅन म्हणजे सेंट्रोमिअर आणि जनुकामध्ये क्रॉसओव्हर (गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल) नाही. २:४:२ किंवा २:२:२:२ म्हणजे झाला. अशा क्रॉसओव्हरच्या अ‍ॅस्कसच्या टक्केवारीचं निम्मं म्हणजे अंतर.

आम्ही २१२ अ‍ॅस्कस मोजले, ८५ क्रॉसओव्हरचे. ४० टक्के, म्हणजे अंतर २०. मला वाटलं मॅपच चुकीचा. त्यातच टॅन वाणाची ट्यूब दुसरीच बुरशी लागून आलेली, पुरवठादार बदलून द्यायला तयार नाही, नवी मागवायचे पैसे विभागाकडे नाहीत. शेवटी त्या ट्यूबमधूनच सबकल्चर करून (थोडा भाग नव्या माध्यमावर वाढवून) वाण स्वच्छ केला. राग सगळा मॅपवर निघाला.

दिवाळीनंतर मत बदललं. मुलांच्या स्लाइड पुन्हा पाहिल्या. ४:४ एका नजरेत कळतो. जरा तिरका पडलेला २:४:२ "नीट दिसत नाही" म्हणून मुलं सोडून देत होती. जोरात दाबलेल्या स्लाइडवर तर बीजाणूंची ओळच मोडली होती. मग आपल्या मनाने काही वगळायचं नाही, असा नियम केला आणि डिसेंबरात ६०० मोजले. २८८ क्रॉसओव्हरचे, अंतर २४. एवढ्या नमुन्यात एक-दोन एककांचा फरक पडतोच, म्हणजे २६ मला मान्य आहे. फक्त तोवर थंडी पडली होती आणि तापमानानेही क्रॉसओव्हरचं प्रमाण बदलतं. मोजणी आणि हवा दोन्ही एकदम बदलल्या, त्यामुळे कशाने किती फरक पडला ते मला सांगता येत नाही. याची चुटपुट आहे.

माझी खरी तक्रार मॅन्युअलमधल्या त्या नुसत्या २६ बद्दल आहे. त्याच्याखाली वाण, तापमान, मोजलेल्या अ‍ॅस्कसची संख्या, काहीच नाही. २००१ मध्ये इस्रायलच्या कार्मेल डोंगरातल्या एका दरीतल्या समोरासमोरच्या उतारांवरच्या याच सोर्डारियाचे वाण तपासले गेले. रखरखीत, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावरच्या वाणांत क्रॉसओव्हर जास्त निघाले, आणि हा फरक आनुवंशिक होता. न्यूरोस्पोरा या सोर्डारियाच्या नात्यातल्या बुरशीत तर रेक नावाची जनुकं ठरावीक जागीच पुनर्संयोग (क्रॉसओव्हरसारखी जनुकांची अदलाबदल) दाबून टाकतात. मग एकच आकडा सगळ्यांना कसा लागू पडेल? शिवाय या पद्धतीत क्रॉसओव्हरचे अ‍ॅस्कस दोन तृतीयांशाच्या वर जात नाहीत, म्हणून अंतर ३३ च्या आसपास अडतं. लांबचं जनुक हा मॅप जवळ दाखवतो.

असे मॅप अंतराबरोबर जनुकांचा जो क्रम दाखवतात, त्याच्यावर मात्र माझा पूर्ण भरवसा आहे. न्यूरोस्पोराचे सात लिंकेज गट (एकत्र वारशाने जाणाऱ्या जनुकांचे गट) संकरांतून बांधले गेले. २००३ मध्ये जीनोम वाचला गेला तेव्हा गुणसूत्रंही सातच, आणि जुना मॅप त्याच्यावर बसवता आला. निफाडला आमची द्राक्षबाग आहे, भाऊ विचारतो, भुरीचा असा मॅप का नाही करत? भुरीची बुरशी जिवंत वेलीवरच वाढते, तिचा संकर प्लेटमध्ये होत नाही. ती सोय सोर्डारियात आहे, म्हणून पुढच्या वर्षीही हाच प्रयोग ठेवणार.

जानेवारीच्या प्लेट काल लावल्या. अर्ध्या २२ अंशांवर, अर्ध्या २८ वर. प्रत्येकीच्या तळाशी मार्करने तापमान लिहिलंय, आणि मोजणारी मुलं दोन्हीकडे तीच राहणार.