ऑइल गळतीच्या नावाखाली ३९,९५० रुपये गेले, पिकअपवाल्यांनो वाचा

३९,९५० रुपये. इंजिन ऑइलची गळती थांबवतो म्हणून एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून एवढे काढले, आणि शेवटी दोष निघाला २८० रुपयांच्या स्विचमध्ये. गॅरेजचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे आणि वकिलाने तोंड बंद ठेवायला सांगितलंय. पण मुंबई-गोवा हायवेवर मासळी, आंबा, चिरे वाहणाऱ्यांना हा प्रकार कळलाच पाहिजे. घरी मी अजून पंचवीस हजारच सांगितलेत.

गाडी डिझेल पिकअप. एरवी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातली मासळी, आणि मार्चपासून मे अखेरपर्यंत देवगडचा हापूस वाशी मार्केटला. सीझन तोंडावर आला आणि गाडीखाली काळे थेंब पडायला लागले. गंमत अशी की रात्रभर उभ्या गाडीखाली काही नाही. घाट चढून आली, गरम झाली की बेल हाऊसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाच्या खालून टिपटिप. डिपस्टिकवर ऑइल हळूहळू उतरतंय, धूर मात्र अजिबात नाही. हे धुराचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हायवेलगतच्या गॅरेजवाल्याने आधी इंजिन धुऊन टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. १,८५० रुपये. इथवर तक्रार नाही, कुठलाही मिस्त्री तिथूनच सुरुवात करील. गळती थांबली नाही. मग गडी चेहरा पाडून म्हणाला, "दादा, क्रँकचं मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. उतरवतोच आहे तर क्लच पण टाकून घ्या, मजुरी एकदाच पडेल." क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, त्याच्या मागच्या टोकाचं सील ऑइल अडवतं. पुढचं तुम्हाला पाठ असेल. सील १,४००, क्लच सेट ७,८००, मजुरी ५,५००, एकूण १४,७००. वर नवीन ऑइल २,४५०. चौदा हजार सातशे रोख मागितले, "जीएसटी लावला तर तुम्हालाच भुर्दंड" म्हणून. साध्या कागदावर आकडा लिहून दिला, त्यावर ना शिक्का ना सही.

गाडी परत घेताना त्याने जुनं सील माझ्या हातावर ठेवलं. "बघा, कसं कडक झालंय." त्या क्षणावर मी अजून रात्री जागा असतो. सील माझ्या तळहातात मावत होतं आणि त्याच्या आतल्या कडेला पिवळट ग्रीस चिकटलेलं होतं. ग्रीस! क्रँकच्या सीलला लागतं ते डिझेल इंजिनचं डांबरासारखं काळं ऑइल. ग्रीस असतं चाकाच्या हबमध्ये. आणि क्रँकचं मागचं सील चांगलं मोठं असतं, तळहातात कुठून मावणार? म्हणजे कुठल्यातरी दुसऱ्या गाडीच्या चाकाचं सील कचऱ्यातून उचलून माझ्यासमोर नाचवलं. बोटांना लागलेलं ते ग्रीस मी त्याच्याच फडक्याला पुसलं आणि गाडी बाहेर काढली.

आता कोणी शहाणपणा शिकवायला येईल, म्हणून आधीच सांगतो. त्या रात्री ८० पेट्या भरायच्या होत्या आणि माल पहाटे वाशीला लागला नाही तर अडत्या पडेल भावाने काढतो. बागायतदार मला विचारणार, गॅरेजवाल्याला नाही. मी ड्रायव्हर आहे, सीलचे व्यास पाठ करायला बसलेलो नाही. माणूस ऑपरेशनला झोपला की डॉक्टरच्या हातात काय आहे ते उठून बघत नाही.

गळती अर्थातच चालू. मग निघाला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. "टर्बोचं ऑइल मागे मारतंय." ओव्हरहॉलिंग १८,५००, परत ऑइल २,४५०. टर्बो आतून ऑइल सोडायला लागला की इनटेकच्या पाइपात ऑइल साचतं, निळा धूर येतो. माझ्या गाडीला धूर नव्हता. तेवढं बोललो, तर म्हणाला, "अजून सुरुवात आहे, थांबलात तर इंजिनच बसेल." भीती घातली की गिऱ्हाईक गप्प बसतं, हे त्यांना नेमकं माहीत असतं. टर्बोवाला निदान पाइप काढून दाखवत नसेल तर तिथूनच गाडी वळवा.

शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. तो आता ट्रॅक्टर आणि बोटीची इंजिनंच बघतो. गाडीखाली गेला आणि लगेच बाहेर आला. "ह्यो गिअरबॉक्स कोणी उतरवूकच नाय!" मला खाली बोलावून बॅटरी मारून दाखवलं. बेल हाऊसिंगच्या बोल्टांवर गेल्या पावसाळ्यातली लाल माती, त्यावर गंज, दोन्ही मिळून कवच झालेलं. पाना लागला असता तर ते सगळं उडालं असतं. एकाही बोल्टाच्या कडेला चकाकी नव्हती.

मग त्याने इंजिनची ती बाजू डिझेलने धुतली, कोरडी केली आणि नातवाची पावडर मागवून सगळीकडे भुरभुरवली. इंजिन चालू करून चांगलं गरम होऊ दिलं, रेस दिली. पांढऱ्या पावडरीवर एक बारीक काळी रेघ उतरली, ऑइल फिल्टरजवळच्या प्रेशर स्विचपासून (ऑइलचा दाब कमी झाला की दिवा लावतो तो) थेट खाली. त्याने वायरचा कनेक्टर ओढला तर आत ऑइल भरलेलं. स्विचच्या मधल्या प्लास्टिकमधून, दाब आणि उष्णता आली की पाझरत होतं. गाडी पळताना वारा ते मागे नेत होता, म्हणून थेंब बेल हाऊसिंगवरून पडायचे. स्विच २८० रुपये. मजुरी म्हाताऱ्याने घेतली नाही. "चाय पाज," म्हणाला.

तर गळती कुठून आहे ते धुऊन, पावडर टाकून, गरम इंजिनवर डोळ्यांनी बघितल्याशिवाय पॅकिंगलाही हात लावू देऊ नका. थेंब पडतो तिथे बिघाड असतोच असं नाही, वरून खाली शोधा. ब्रीदर, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी, तुंबला तरी सगळीकडून ऑइल येतं, तो आधी बघा, त्याला पैसे लागत नाहीत. गिअरबॉक्स उतरवणार असतील तर बोल्टांचे फोटो आधी आणि नंतर.

आता सरकारी खिडक्या. पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारलं, "पावती?" कागद दाखवला तर म्हणाले, "हे काय बिल झालं? दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." अहो, काम न करता पैसे घेतले, खोटा पार्ट दाखवला, ही फसवणूक नाही तर काय? १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचं जुनं ४२० जाऊन भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम आलं, ठाण्यातलं उत्तर मात्र जुनंच राहिलं. तक्रार अर्जाची पोच मागितली तर "उद्या या." उद्या गेलो तर साहेब बंदोबस्ताला. आरटीओच्या खिडकीवर सांगितलं, गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही. ग्राहक तक्रारीसाठी गेलो तिथल्या बाबूने मान वर न करता ऐकवलं, "व्यवसायाची गाडी ना? मग तुम्ही ग्राहक नाही." हे सरसकट खरं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम २(७) च्या स्पष्टीकरणात लिहिलंय, फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी विकत घेऊन स्वतः वापरलेली वस्तू व्यावसायिक धरत नाहीत. बिल न देणं हीसुद्धा त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाच लाखांपर्यंतच्या मामल्याला फी नाही, मुदत दोन वर्षं. हे मला कुठल्या खिडकीवर सांगितलं नाही, वकिलाने सांगितलं आणि त्याची फी वेगळी. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मोबाइलमध्ये ठेवा.

रोख देऊ नका. टर्बोचे १८,५०० मी यूपीआयने दिले, तेवढाच धड पुरावा आज हातात आहे.

अर्ज दाखल केल्यावर गॅरेजवाल्याचा मेसेज आला: "दादा, पुढच्या सर्व्हिसिंगची मजुरी घेत नाही, तक्रार मागे घ्या." त्याचा स्क्रीनशॉट काढून अर्जाला जोडलाय.