काळ्या ग्रॅनाइटवर मराठी मजकूर: मकरपुऱ्यातल्या कामाबद्दल

वडोदऱ्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून वाचनालयासाठी करून घेतलेला हा स्मृतिफलक. २ फूट बाय दीड फूट, जाडी २० मिमी, वजन साधारण १५ किलो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांच्यापैकी काहींची नावं त्यावर आहेत. ओहायो नदीकाठच्या रिप्ले गावचे जॉन रँकिन आणि जॉन पार्कर, इंडियानातले लेव्ही कॉफिन, आणि हॅरिएट टबमन. पार्कर स्वतः गुलाम होते. १८४५ मध्ये १,८०० डॉलर भरून ते सुटले, रिप्लेत त्यांनी ओतकामाचा कारखाना काढला आणि रात्री होडीने नदीपार जाऊन इतरांना सोडवून आणलं. पळालेल्या गुलामाला आसरा दिला तर १८५० च्या कायद्याने १,००० डॉलरपर्यंत दंड आणि ६ महिन्यांपर्यंत कैद होती. असली कामं चोरूनच व्हायची, त्यामुळे पुष्कळांची नावं कुठे उरलीच नाहीत. जी उरली ती तरी बिनचूक कोरली जावीत.

कोरकाम उत्तम आहे. लेझर घेऊ नका, सँडब्लास्टिंगच सांगा. लेझरने दगडाचा वरचा पापुद्राच पांढुरका होतो, तिरप्या उजेडात अक्षर दिसत नाही. सँडब्लास्टिंगमध्ये रबरी स्टेन्सिल चिकटवून वाळूच्या माऱ्याने दीड-दोन मिमी खोल कोरतात, कडा धारदार येतात.

अडचण येते ती अक्षरांच्या पोटातल्या रबराच्या तुकड्यांची. ‘ब’ च्या पोटात तिरकी रेघ असते, म्हणून तिथे दोन चिमुकले तुकडे उरतात आणि अक्षर लहान असलं की माऱ्याने उडून जातात. पहिल्या दगडावर ‘टबमन’ १२ मिमीत घेतलं होतं, ‘ब’ चा नुसता खड्डा झाला. ग्रॅनाइटमध्ये ही चूक बुजवता येत नाही, लांबी (पुट्टी) भरली तर डाग दिसतो. कारखान्याने कुरकुर न करता दगड बदलून दिला, याचे पूर्ण गुण. नावांची अक्षरं २० मिमीच्या खाली नेऊच नका.

टायपिंगवर मात्र विसंबू नका. ऑपरेटरच्या हाताला गुजराती आणि हिंदीची सवय. ‘करणाऱ्या’ मधला ऱ्य रफार होऊन ‘करणार्या’ असा आला आणि ‘हॅरिएट’ चं ‘हैरिएट’ झालं. मजकूर युनिकोडमध्ये स्वतः टाइप करा, अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे फाँट न लागणाऱ्या नुसत्या आकृत्या करून, पीडीएफ द्या. नंतर कागदावर पूर्ण मापाचं प्रूफ मागा आणि ते दोघांनी वाचा, एकाने मोठ्याने आणि दुसऱ्याने बोट ठेवून. स्टेन्सिल कापल्यावर, दगडाला चिकटवण्याआधी, आणखी एकदा बघा.

रंग पांढराच भरून घ्या. सोनेरी इथल्या उन्हात काळवंडतो.

बसवण्याचं काम त्यांच्याकडे देऊ नये. ते फक्त चिकटद्रव्य लावतात, आणि चुन्याच्या जुन्या गिलाव्याला लावलं तर १५ किलोचा दगड गिलाव्यासकट खाली येईल. चार कोपऱ्यांना भोकं कारखान्यातच पाडून घ्या, कडेपासून ४० मिमी आत. गवंड्याकडून पितळी स्क्रू थेट विटेत बसवून घ्या. लोखंडी स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजाचे ओघळ नावांवर सोडतात.