व्हॉल्व्हचा स्टिरिओ रिसीव्हर: बर्डीत दाखवायचा की मुंबईला न्यायचा?

घरात फिशर किंवा एच. एच. स्कॉट या अमेरिकन कंपन्यांचा, व्हॉल्व्हवर (काचेच्या नळ्यांवर) चालणारा साठच्या दशकातला रिसीव्हर पडून असेल, तर आधी एक ध्यानात घ्या. त्या एका पेटीत दोन वेगळी यंत्रं आहेत, ॲम्प्लिफायर आणि एफएम ट्यूनर. ॲम्प्लिफायरचं काम नागपुरात होऊ शकतं. ट्यूनरचं मात्र इथं सहसा होत नाही. कोणाकडे द्यायचा, ते बिघाड कोणत्या अर्ध्यात आहे त्यावर ठरवा.

नागपूरच्या बर्डी, इतवारी, महालात जुने रेडिओ मेकॅनिक अजून सापडतात. मर्फी, फिलिप्स, बुशचे सेट त्यांच्या हातून गेलेले असतात, व्हॉल्व्हचा सॉकेट डोळे मिटून ओळखतात. पण घरगुती रेडिओत शेवटी एकच आउटपुट व्हॉल्व्ह असायचा. फिशर ५००-सी मध्ये ७५९१ जातीचे चार असतात, आत ४०० व्होल्टच्या आसपास डीसी फिरतं आणि बायस (व्हॉल्व्हमधून किती करंट वाहील ते ठरवणारं व्होल्टेज) जुळवावा लागतो. शिवाय व्हॉल्व्हच्या जमान्यात नागपुरात एफएम नव्हतंच. अमेरिकेतसुद्धा स्टिरिओ एफएम १९६१ मध्ये सुरू झालं. त्यामुळे १९ किलोहर्ट्झच्या पायलट सिग्नलवर चालणारा मल्टिप्लेक्स भाग (डावा-उजवा आवाज वेगळा करणारा) या मेकॅनिक काकांनी कधी उघडलाच नसेल, तर त्यात त्यांचा काही दोष नाही.

माणूस पारखायला एक खूण पुरते. रिसीव्हर टेबलावर ठेवताच कोणी "लावून तं पाहू, भाऊ" म्हणत प्लग हातात घेतला, तर नम्रपणे उचला आणि घरी आणा. एक तर अमेरिकन सेट ११७ व्होल्टचा असतो, थेट २३० वर लावला की संपला. दुसरं कारण कंडेन्सर. ते वर्षानुवर्षं पडून खराब होतात. दोन टप्प्यांमध्ये डीसी अडवणारा कपलिंग कंडेन्सर गळका झाला की आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज पोचतं, व्हॉल्व्हच्या आतली प्लेट लालभडक होते आणि व्हॉल्व्हपाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. बायसचा जुना सेलेनियम रेक्टिफायर थकला तरी परिणाम तोच. म्हणून जाणता माणूस आधी खालचं झाकण काढतो, कंडेन्सर तपासतो, मग सिरीज बल्ब (सेटच्या वाटेत जोडलेला बल्ब) किंवा डिमरस्टॅट (व्होल्टेज हवं तितकं कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून व्होल्टेज हळूहळू चढवतो. दुकानात डिमरस्टॅट दिसला, तर माझं मत निम्मं तिथंच बनतं.

ऑर्केस्ट्रा आणि मंडपवाल्यांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे हात चपळ असतात, पण ते ट्रान्झिस्टरवर बसलेले. गणपती आणि लग्नसराईत तर तुमचा सेट कोपऱ्यात धूळ खात पडेल. मी हा पर्याय सोडून देतो.

मुंबई-पुण्याकडे फक्त व्हॉल्व्हचंच काम करणाऱ्यांकडे ऑसिलोस्कोप आणि एफएम स्टिरिओ सिग्नल जनरेटर आहे का, हे आधी फोनवर विचारा. १०.७ मेगाहर्ट्झचा आयएफ (ट्यूनरमधला मधला टप्पा) आणि मल्टिप्लेक्स नुसत्या कानानं जुळत नाहीत. जनरेटर नसेल तर एवढ्या लांब जाण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे जुळवलेले (सारख्या गुणांचे) व्हॉल्व्ह मिळण्याची शक्यताही जास्त. ७५९१ चे नवे व्हॉल्व्ह जेजे आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्स बनवतात. खरी अडचण वाहतुकीची आहे. एवढं वजन ट्रान्सपोर्टच्या खोक्यात आपटलं की ट्रान्सफॉर्मर चेसिस वाकवतो. व्हॉल्व्ह काढून सॉकेटचा क्रमांक लिहून वेगळे गुंडाळा, आणि जमलं तर विदर्भ एक्स्प्रेसनं स्वतः सोबत न्या. पुढे खरखर आली की पुन्हा तोच प्रवास, हेही हिशेबात धरा.

कोणाकडेही द्या, मजुरी आणि सुट्या भागांचा हिशेब वेगळा मागा, आणि काढलेले जुने भाग पिशवीत परत घ्या. चांगले जुने अमेरिकन व्हॉल्व्ह "गेलेत" म्हणून बदलले जाऊ नयेत, एवढाच हेतू.

दोन गोष्टी कारागिराला आपणच सांगायच्या. ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो, त्यात मे महिन्यात आपला पारा ४५ च्या पुढे. म्हणून २३० व्होल्ट खाली उतरवणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर १२० पेक्षा ११० व्होल्टचा बरा. आणि तिकडचं एफएम ७५ मायक्रोसेकंदाच्या डी-एम्फसिसवर (प्रसारणात वाढवलेले बारीक सूर पुन्हा खाली आणण्याच्या जुळणीवर) बेतलेलं, इथलं ५० वर, त्यामुळे आवाज किंचित दबका लागतो. दोन्ही चॅनेलचे छोटे कंडेन्सर बदलले की तो खुलतो. सेट कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका. दमट हवेनं सॉकेट आणि स्विच काळे पडतात.

माझा कौल असा: रेकॉर्ड प्लेअर लावून ऐकायचं असेल आणि ट्रान्सफॉर्मर शाबूत असतील, तर डिमरस्टॅटवाले काका शोधून कंडेन्सर आणि बायस इथंच करून घ्या. एफएमही हवं असेल, तर मुंबई. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला असेल, तर मोटार वाइंडिंगवाल्याकडे नेऊ नका. त्याचे प्रायमरी-सेकंडरी थर एकमेकांत गुंफलेले असतात, नुसते वेढे मोजून तो उभा राहत नाही.