अपडेट ड्रायव्हरपाशी अडते तेव्हा: फॉरमॅट करावे की दोषी ड्रायव्हर शोधावा?

विंडोजचे मोठे अपडेट तासभर चालते, संगणक दोन-तीनदा रीस्टार्ट होतो आणि शेवटी सगळे बदल मागे घेऊन मुकाट्याने जुन्या आवृत्तीवर परत येतो. त्यानंतर ०एक्ससी१९००१०१ हा कोड आणि त्याला जोडून दुसरा एक कोड दिसला, तर बहुतेक वेळा अडथळा एखाद्या ड्रायव्हरचा (उपकरण आणि विंडोज यांना जोडणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचा) असतो, एवढे वाचकांना ठाऊक आहे असे मी गृहीत धरतो. जागा मोकळी करणे, यूएसबीला लावलेली उपकरणे काढून ठेवणे, अँटिव्हायरस तात्पुरता उतरवणे हे उपायही करून झाले असतील. त्यानंतर खरा निर्णय घ्यावा लागतो तो असा की, डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावे, की दोषी ड्रायव्हर हुडकून आहे त्याच मांडणीवर नवी आवृत्ती चढवावी.

पुण्याच्या नारायण पेठेतल्या आमच्या छोट्या अक्षरजुळणी कार्यालयातील संगणकांवर आणि नातेवाइकांच्या लॅपटॉपवर मी हे दोन्ही मार्ग वापरलेले आहेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, नेमका दिवाळी अंक छपाईला जाण्याच्या धामधुमीत, त्यामुळे अनेकांनी तेव्हा वर्षभराच्या वाढीव सुरक्षा अपडेटची सोय घेऊन विषय पुढे ढकलला. घरगुती वापरकर्त्यांसाठी ती मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, म्हणजे ढकललेला निर्णय कधी ना कधी घ्यावा लागणारच.

फॉरमॅटच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज आधी बांधता येतो, तर्क लढवावे लागत नाहीत, आणि वर्षानुवर्षे साचलेले जुन्या प्रिंटरचे, विकून टाकलेल्या मोबाइलचे, कधीकाळी वापरलेल्या व्हीपीएनचे अवशेष एका झटक्यात निघून जातात. दुरुस्तीवाला पहिल्याच वाक्यात ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणतो, त्यामागे केवळ आळस असतो असे मला वाटत नाही. त्याच्या दृष्टीने खात्रीचा मार्ग तोच असतो.

मात्र फॉरमॅट केले की ड्रायव्हरची कटकट संपते, हा समज तपासून घ्यावा. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर व्हीएमडी ही डिस्क हाताळण्याची सोय सुरू असते, आणि अशा यंत्रावर कोऱ्या इन्स्टॉलच्या वेळी डिस्क निवडण्याचा पडदा रिकामाच येतो. पेनड्राइव्हवर इंटेल रॅपिड स्टोरेजचा, म्हणजे अशी डिस्क ओळखणारा, ड्रायव्हर आधीच काढून ठेवला नसेल तर एसएसडी दिसतच नाही. पुढे इन्स्टॉल झाले, तरी वायफायचा ड्रायव्हर विंडोजमध्ये अंगचा नसल्यास विंडोज ११ इंटरनेटशिवाय पुढे सरकायला तयार होत नाही आणि मोबाइल यूएसबीने जोडून वाट काढावी लागते. शिवाय सगळे सुरळीत झाल्यावर विंडोज अपडेट स्वतःहून ड्रायव्हर आणून बसवते, त्यात ज्याच्यापायी हा सगळा खटाटोप केला तोच जुना ड्रायव्हर परत येण्याची शक्यता असते.

जाहीरपणे नोंदले गेलेले प्रसंग पाहिले तरी हेच दिसते. २०१९ मध्ये इंटेल रॅपिड स्टोरेजच्या १५.१.०.१००२ ते १५.५.२.१०५३ या आवृत्त्या ज्या यंत्रांवर होत्या, त्यांच्यापुरते विंडोज १० चे मे महिन्याचे मोठे अपडेट मायक्रोसॉफ्टनेच रोखून धरले होते. विंडोज ११ आल्यावर इंटेल स्मार्ट साउंडच्या १०.२९.०.५१५२ आणि १०.३०.०.५१५२ या ड्रायव्हरमुळे निळा पडदा येऊ लागला, तेव्हाही तसेच रोखले गेले, आणि शेवटचा आकडा ५७१४ किंवा त्यापुढचा असलेला ड्रायव्हर बसवला की अडचण दूर होत असे. दोन्ही वेळी उपाय एक ड्रायव्हर बदलण्याइतकाच होता, आणि त्यासाठी डिस्क पुसणे म्हणजे एक दात दुखतो म्हणून कवळी बसवणे झाले असते.

तरीही एवढ्यावरून मी फॉरमॅटच्या विरोधात गेलो नसतो. माझ्यापुरता निर्णय झाला तो परवान्यांमुळे, आणि ज्यांच्याकडे जुने मराठी काम आहे त्यांना ही गोष्ट सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. आमच्याकडे पानजुळणीचे सॉफ्टवेअर डोंगलवर (संगणकाला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालते आणि फॉन्ट व कीबोर्डचे सॉफ्टवेअर मशीन कोडवर (त्या संगणकाची ओळख सांगणाऱ्या क्रमांकावर). हा मशीन कोड अनेकदा डिस्कच्या व्हॉल्यूम क्रमांकावर बेतलेला असतो, आणि फॉरमॅट केल्यावर तो क्रमांक बदलतो. संगणक तोच, डिस्क तीच, टेबलही तेच. पण सॉफ्टवेअरच्या लेखी यंत्र नवे ठरते आणि ते नवी किल्ली मागू लागते. किल्लीसाठी विक्रेत्याला फोन करावा, तर ती आवृत्ती आता बंद झाली असून नवी घ्यावी लागेल, असे उत्तर मिळते. ते उत्तर सौजन्याने दिले जाते, हे नमूद करायला हवे.

नवी आवृत्ती घेण्याची तयारी दाखवली तरी प्रश्न मिटत नाही. युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेताच्या आधीच्या फॉन्टमधला मजकूर ज्या अक्षरक्रमाने साठवलेला असतो, तो क्रम नव्या संचात थोडा जरी बदललेला असला, तरी रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’च्या जागी भलतीच चिन्हे येतात आणि ‘ऱ्या’मधला अर्धा र सुटा पडतो. फॉन्टच्या रुंदीत केसभर फरक असला तर ओळी वेगळ्या ठिकाणी मोडतात, आणि पुनर्मुद्रणासाठी उघडलेल्या पुस्तकाची अनुक्रमणिका चुकीची ठरते. मग सगळे पुस्तक पुन्हा मुद्रितशोधकाकडे द्यावे लागते. अपडेटची अडचण संगणकाची होती, तिचा खर्च मात्र छपाईच्या खात्यात पडतो. हे एकदा अनुभवल्यावर चालू मांडणी शक्यतो मोडू नये, या मताकडे मी झुकलो.

दोषी ड्रायव्हर शोधण्याचे काम ऐकायला वाटते तितके गूढ नाही. दुसऱ्या कोडमध्ये एक्सनंतरचा पहिला अंक आधी पाहावा. तो २ असेल तर अपडेट तात्पुरत्या सुरक्षित वातावरणात असताना अडले, ३ असेल तर नव्या विंडोजच्या पहिल्या बूटमध्ये, आणि ४ असेल तर दुसऱ्या बूटमध्ये, हे त्यावरून कळते. आमच्याकडे ०एक्स३००१८ आला होता, म्हणजे पहिल्या बूटच्या टप्प्यात एखाद्या ड्रायव्हरने सेटअपला प्रतिसाद देणे थांबवले होते. विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीपासून सेटअपडायग नावाचे साधन अपडेट फसल्यावर आपोआप चालते आणि विंडोज फोल्डरमधल्या लॉग्जमध्ये स्वतःच्या नावाच्या फोल्डरात निष्कर्ष लिहून ठेवते. नशीब चांगले असेल तर तिथेच ओईएम आणि पुढे क्रमांक अशा नावाची आयएनएफ फाईल दिसते, तीच दोषी ड्रायव्हरची ओळख.

तसे नाव मिळाले नाही, तर सी ड्राइव्हवर डॉलर चिन्हाने सुरू होणाऱ्या लपलेल्या बीटी फोल्डरात सोर्सेस आणि त्यात रोलबॅक असे उतरत जावे. तिथे सेटअपएपीआय.डेव्ह.लॉग ही फाईल मिळते. ती हजारो ओळींची असते, पण सगळी वाचण्याची गरज नसते. प्रत्येक उपकरणाची नोंद तीन उजव्या कंसखुणांनी सुरू होते आणि तीन डाव्या कंसखुणांनी, यशाच्या शेऱ्यासह, बंद होते. तळापासून वर जात जावे, आणि जी नोंद उघडली पण बंद झालीच नाही, तिथे थांबावे. आमच्या यंत्रावर ती अर्धवट नोंद डोंगलच्या ड्रायव्हरची होती. डोंगल काढून कपाटात ठेवला होता, तरी त्याचा ड्रायव्हर आत होताच. उपकरणे काढून ठेवण्याचा सल्ला पाळूनही अपडेट का फसते, याचे उत्तर अनेकदा हेच असते.

पुढचे काम पीएनपीयूटिल या विंडोजच्याच साधनाने होते. त्यात बाहेरून आलेल्या सगळ्या ड्रायव्हरची यादी, पुरवठादार, तारीख आणि आवृत्तीसह, निघते. आधी सगळे ड्रायव्हर एका फोल्डरात निर्यात करून ठेवावेत आणि मग नेमका तेवढाच ओईएम क्रमांक अनइन्स्टॉलसह काढावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडूनही हे करता येते, फक्त ड्रायव्हरच्या फाइली काढून टाकण्याच्या चौकटीत खूण करायला विसरू नये. डिस्कच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर मात्र संशयावरून कधीही काढू नये. विंडोज सिक्युरिटीमध्ये मेमरी इंटिग्रिटी या सुरक्षा सोयीच्या पडद्यावर विसंगत ड्रायव्हरची जी यादी मिळते, तीही नजरेखालून घालावी. जुने डोंगल आणि जुनी स्कॅनर मंडळी तिथे हमखास हजर असतात.

त्यानंतर विंडोज अपडेटच्या भरवशावर न राहता आयएसओ फाईल, म्हणजे विंडोजचा अख्खा संच, उतरवून ती चालू विंडोजमध्येच उघडून त्यातला सेटअप चालवणे मला अधिक सोयीचे वाटते. सुरुवातीला नवे ड्रायव्हर व अपडेट आता नकोत असा पर्याय निवडला, तर काढलेली ब्याद मध्येच परत येत नाही. इथे आपल्याकडच्या लॅपटॉपवर एक अडचण वारंवार येते. काही यंत्रांवर अमेरिकी इंग्रजीचे विंडोज असते, काहींवर इंटरनॅशनल इंग्रजीचे, आणि पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. आयएसओ वेगळ्या भाषेची असली की ‘फाइली आणि अॅप्स ठेवा’ हा पर्याय फिका पडतो आणि इतके जपलेले सगळे हातचे जाते. मूळ भाषा कोणती हे डीआयएसएम या विंडोजच्याच साधनाच्या भाषाविषयक आज्ञेने आधीच पाहून घ्यावे. आणखी एक सूचना खास पुणेकरांसाठी: हे काम गुरुवारी काढू नये, कारण देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा दिवस आपल्याकडे बहुधा तोच असतो, आणि यूपीएसची बॅटरी किती तग धरते याची परीक्षा घेण्याची ही वेळ नव्हे.

या मार्गाचे दोषही सांगायला हवेत. वेळेचा अंदाज देता येत नाही. कधी पहिल्याच नोंदीत नाव सापडते, तर कधी सेटअपडायग काहीच बोलत नाही आणि लॉगमधल्या सगळ्या नोंदी व्यवस्थित बंद झालेल्या दिसतात. अशा वेळी अँटिव्हायरस, व्हीपीएन, ब्लूटूथ अशा संशयितांना एकेक करून काढत बसावे लागते, आणि प्रत्येक प्रयत्नाला पुन्हा तो सगळा वेळ जातो. ज्याला दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र हवेच आहे, त्याने ही शोधाशोध सुरू करू नये असे मी म्हणेन.

म्हणून माझे मत सर्वांना लागू पडेल असे नाही. कॉलेजला जाणाऱ्या मुलीचा लॅपटॉप, ज्यावर ब्राउझर, ऑफिस आणि क्लाउडवरच्या फाइली याखेरीज काही नाही, तो मी स्वतः निःशंकपणे फॉरमॅट करीन. तिथे लॉग वाचत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. फक्त डी ड्राइव्ह बिटलॉकरने (विंडोजच्या कुलूपबंदीने) बंद असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी, कारण नवे विंडोज ती मागितल्याशिवाय तो ड्राइव्ह उघडणार नाही. पण ज्या यंत्रावर डोंगल, डिजिटल सहीचे टोकन, हिशेबाचा परवाना किंवा जुन्या फॉन्टमधली पुस्तके आहेत, तिथे माझा कौल ड्रायव्हर शोधण्याच्या बाजूने आहे, आणि निदान एक सुट्टीचा दिवस तरी त्याला देऊन पाहावा.

अपडेट यशस्वी झाले की डोंगलचा नवा ड्रायव्हर सॉफ्टवेअरच्या जुन्या सीडीवरून न घेता डोंगल बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा. सीडीवर असतो तो नेमका काढून टाकलेला. जुन्या आवृत्तीवर परतण्याची वाट १० दिवस खुली असते, आणि पहिल्याच आठवड्यात डीआयएसएमने ती ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. तेवढ्या काळात डिस्क क्लीनअपने सुचवले तरी मागील इन्स्टॉलेशनच्या फाइली पुसू नयेत, आणि एखादे जुने पुस्तक उघडून त्यातली जोडाक्षरांनी भरलेली दोन-चार पाने प्रत्यक्ष छापून पाहावीत.