सराफाची ११+१ भिशी: बारावा हप्ता नेमका कोण भरतं?

पुण्याचा लक्ष्मी रोड असो, कोल्हापूरची गुजरी असो की जळगावचा सराफ बाजार, दागिन्यांच्या दुकानात शिरलं की बिलाच्या काउंटरवर ही योजना पुढे येतेच. ‘अकरा हप्ते तुम्ही भरा, बारावा आम्ही भरतो.’ मोठ्या साखळी दुकानांत तिला ‘सुवर्ण’ने सुरू होणारं एखादं भारदस्त नाव असतं, पेठेतला सराफ सरळ भिशी म्हणतो. खरं तर ही भिशी नव्हेच. भिशीत पैसा बाराजणींत फिरतो, इथे तो एकाच दिशेने जातो.

निकाल आधीच सांगतो. वर्षभरात अमुक दागिना घ्यायचाच आहे, दुकान ठरलेलं आहे आणि दागिना साधा, कमी घडणावळीचा आहे, तर योजना चांगली. ‘दर महिन्याला थोडं थोडं सोनं साठतंय’ या समजुतीने पैसे भरणार असाल, तर तुम्ही चुकीच्या काउंटरवर उभे आहात.

आधी योजनेच्या बाजूने बोलू. दरमहा ५,००० रुपये धरा. अकरा महिन्यांत ५५,००० भरले आणि बारा महिने पुरे झाल्यावर ६०,००० ची खरेदी करता आली. वरचे ५,००० म्हणजे नऊ टक्के, असं दुकानातली माणसंही सांगतात, पण तो हिशेब त्यांच्याच योजनेवर अन्याय करणारा आहे. पहिला हप्ता बारा महिने त्यांच्याकडे राहतो, शेवटचा दोनच महिने. प्रत्येक हप्ता किती काळ राहिला ते धरून सरळव्याजाने मोजलं, तर वार्षिक परतावा साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास जातो. कुठलीच बँक एवढं देत नाही.

मग सराफाला परवडतं कसं? घडणावळीत.

दागिन्याचं बिल तीन थरांचं असतं: सोन्याची किंमत, घडणावळ आणि या दोन्हींच्या बेरजेवर ३ टक्के जीएसटी. घडणावळ कुठे ग्रॅमला अमुक रुपये लावतात, कुठे सोन्याच्या किमतीवर टक्क्यांत. काही पेढ्या ‘घट’ (घडवताना वाया जाणारं सोनं) वेगळी दाखवतात, ती त्यातच धरा. हिशेब सोपा जावा म्हणून २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये आणि घडणावळ १५ टक्के समजू. एक ग्रॅम दागिना पडला ११,५०० ला, जीएसटीसह ११,८४५ ला. योजनेच्या ६०,००० मध्ये येतं ५.०६ ग्रॅम.

आता योजनेत न शिरलेलं गिऱ्हाईक पाहा. त्याने तेच ५,००० रुपये अकरा महिने बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकले. साडेसहा टक्के व्याज धरलं, तर बारा महिन्यांच्या शेवटी हातात साधारण ५७,१०० येतात. हा माणूस पाडव्याच्या किंवा अक्षय्य तृतीयेच्या ‘घडणावळीवर सूट’वाल्या आठवड्यात त्याच दुकानात गेला आणि १५ ची घडणावळ १० टक्क्यांवर आली, तर त्याला ग्रॅम पडतो ११,३३० ला. त्याच्या हाती येतं ५.०४ ग्रॅम. फरक गुंजेचा चौथा हिस्साही नाही, आणि याचे पैसे वर्षभर बँकेत होते, कुठल्याही दुकानाशी बांधलेले नव्हते. (व्याजावर आयकर लागतो, तेवढा वजा करा.)

म्हणून योजनेचा फॉर्म भरण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हा: सणाची सूट योजनेच्या पैशांवर लागू होते का? बहुतेक ठिकाणी ‘इतर कोणत्याही ऑफरसोबत नाही’ ही ओळ बारीक अक्षरांत असते. ती असेल, तर बारावा हप्ता म्हणजे तुमच्याच घडणावळीतून तुम्हाला परत दिलेला तुकडा. दोन्ही मिळत असेल, तर मात्र योजना स्पष्टपणे सरस ठरते.

काही साखळी दुकानं रोख बोनसऐवजी घडणावळीत सवलत देतात. ऐकायला हे मोठं वाटतं, ‘घडणावळ माफ अमुक टक्क्यांपर्यंत’ वगैरे. त्यात खोच अशी की माफीला वरची मर्यादा असते. १२ टक्क्यांपर्यंत माफ असेल आणि तुम्हाला आवडलेल्या टेंपल डिझाइनच्या हारावर २२ टक्के लागत असतील, तर वरचे दहा तुमच्या खिशातून. साध्या पाटल्या, गोठ, मशीनच्या साखळ्या यांना अशी योजना फायद्याची; नाजूक कलाकुसरीच्या, खड्यांच्या दागिन्यांना नाही.

दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा, आणि तो फारसं कुणी विचारत नाही: पैसे रुपयांत जमा होतात की ग्रॅममध्ये? रुपयांच्या योजनेत वर्षाच्या शेवटी जो भाव असेल, त्या भावाने दागिना. ग्रॅमच्या योजनेत हप्ता भरला त्या दिवशीच्या भावाने वजन पासबुकात चढतं. नावं सारखी, छापील पत्रकं सारखी, पण ही दोन पूर्णपणे वेगळी उत्पादनं आहेत.

भाव वर्षभरात सारख्या गतीने १०,००० वरून १२,००० वर गेला असं धरा. ग्रॅमच्या योजनेत, काहीही बोनस नसताना, ५५,००० चे ५.०९ ग्रॅम जमा होतात. रुपयांच्या योजनेत बारावा हप्ता मिळूनसुद्धा ६०,००० भागिले १२,०००, म्हणजे ५ ग्रॅम. म्हणजे वर्षात वीस टक्के भाववाढ झाली की सराफाचा अख्खा हप्ता धुऊन निघतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये २४ कॅरेटचा दहा ग्रॅमचा भाव पहिल्यांदाच लाखाला भिडला. त्या काळात रुपयांच्या योजनेत बसलेल्यांना हाच धडा मिळाला.

उलटंही होतं. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं आणि भाव एकदम खाली आला. त्याआधीच्या महिन्यांत ज्यांचे ग्रॅम चढ्या भावाने पक्के झाले होते, त्यांच्यापेक्षा रुपयांत जमा करणारे त्या वेळी सरस ठरले. पण भाव पडेल यावर पैज लावायला कुणी सराफाकडे हप्ते भरत नाही. मुलीच्या लग्नापर्यंत सोनं हाताबाहेर जाईल या धास्तीने भरतं. ती धास्ती खरी असेल तर ग्रॅमचीच योजना घ्यावी, बोनस थोडा कमी असला तरी. ग्रॅमच्या योजनेत एवढं मात्र विचारा की वजन २२ कॅरेटच्या भावाने चढवता की २४ च्या, आणि वजन जमा करताना हप्त्यातून जीएसटी किंवा काही कापता का.

योजना अकरा महिन्यांचीच का असते, याचं उत्तर शुभ-अशुभात नाही, कायद्यात आहे. २०१४ च्या कंपनी ठेव नियमांनुसार मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांच्या आत मालाशी जुळवली, तर ती ‘ठेव’ धरली जात नाही. त्या पलीकडे गेली की ठेवीचे सगळे नियम लागू. पूर्वी दीड-दोन वर्षांच्या योजना सर्रास चालत, त्या त्यानंतर आटोपल्या. आजही कुणी २४ किंवा ३६ महिन्यांची योजना देत असेल, शेवटी सोन्याऐवजी व्याजासकट रोख देतो म्हणत असेल, तर तिथून निघा. अशा अनियंत्रित ठेवी २०१९ च्या कायद्याने बंद आहेत.

आणि मुख्य धोका अकरा महिन्यांच्या योजनेतही आहेच. हप्ते भरताना तुम्ही सराफाचे बिनतारण धनको असता, म्हणजे काहीही तारण न घेता त्याला उधार देणारे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, इथे शून्य. रिझर्व्ह बँक लक्ष ठेवत नाही, शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबीही ठेवत नाही. दुकान बंद पडलं तर पोलिसांत तक्रार, मग १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, मालमत्तेची जप्ती, लिलाव, आणि त्यात वर्षं जातात. हातात पासबुक असतं, सोनं नसतं. म्हणून एका दुकानात वर्षाला एका मध्यम दागिन्याएवढीच रक्कम अडकवावी. घरातल्या चौघांच्या नावे चार खाती काढली म्हणून धोका विभागला जात नाही, दुकान तेच.

हप्ता रोखीने भरू नका. यूपीआय किंवा खात्यातून थेट कपात ठेवली की तारीख आणि पुरावा दोन्ही राहतात. हप्ता चुकण्याच्या बाबतीत नियम फार कडक असतात: कुठे एक हप्ता उशिरा गेला की बोनस प्रमाणात कमी, कुठे पूर्ण बाद. मधेच बंद केलं तर बहुधा भरलेलीच रक्कम, तीही पुष्कळदा रोख नाही, तेवढ्याचा दागिना. वारसाचं नाव फॉर्मवर लिहायला जागा असते आणि ती निम्म्या वेळा कोरी राहते. ती भरून घ्या.

एका गुणाचं श्रेय मात्र द्यायलाच हवं. बँकेतली आवर्ती ठेव मोबाईलवरून दोन मिनिटांत मोडता येते आणि घरात गरज निघाली की मोडलीही जाते. सराफाकडचा पैसा कुणी सहज मागत नाही. ज्या घरात खर्चाचा हात सैल आहे आणि सोनं ‘मोडायचं नसतं’ हा नियम अजून पाळला जातो, तिथे ही अडचण म्हणजेच योजनेचा उपयोग. पण दागिना कधीच मोडायचा नसतो, त्यामुळे त्यात बुडालेली घडणावळ आणि जीएसटी कुणाच्या हिशेबात येत नाही, हेही खरं. मोडीला गेलात तर या दोन्हींचा एक रुपया परत मिळत नाही.

निव्वळ सोनंच साठवायचं असेल त्यांच्यासाठी पर्याय थोडक्यात. वेढणं किंवा नाणं थेट घ्या, घडणावळ नाममात्र असते. मात्र योजनेच्या पैशांवर ते बहुतेक दुकानं देत नाहीत, कारण उघड आहे. डीमॅट खातं असेल तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात घेता-विकता येणारे सोन्याचे फंड. सरकारी सुवर्णरोखे फेब्रुवारी २०२४ नंतर नव्याने आलेले नाहीत. जुने शेअर बाजारात मिळतात. मोबाईल ॲपवरच्या ‘डिजिटल सोन्या’वर ३ टक्के जीएसटी जातोच आणि ते आपल्या देखरेखीखाली येत नाही, हे सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

आता खरेदीचा दिवस. अकरावा हप्ता भरून काही दिवस झाले की खरेदीची मुदत उघडते आणि ३६५ व्या दिवशी मिटते. मधे सहसा महिनाभर मिळतो. रुपयांच्या योजनेत भाव जरा उतरलेला दिवस पाहून जा, शेवटच्या तारखेला धावू नका. दसरा-पाडव्याच्या गर्दीत वजन आणि बिल नीट तपासायला कुणी वेळ देत नाही.

योजनेच्या रकमेत तंतोतंत बसणारा दागिना ट्रेमध्ये कधीच नसतो. ६०,००० चं खातं असलं की समोर ७२,००० ची पाटली ठेवली जाते. वरच्या बारा हजारांवर कसलीच सवलत नाही, घडणावळ पूर्ण. आपल्या रकमेत किती ग्रॅम येतात ते घरूनच काढून जा आणि त्याहून अर्धा ग्रॅम खालचेच दागिने दाखवायला सांगा. उरलेल्या रकमेचं काय होतं, हेही आधीच विचारा. काही दुकानं ती परत देत नाहीत.

खड्यांच्या दागिन्यात एकूण वजन आणि निव्वळ वजन बिलावर वेगळं लिहिलेलं हवं. घडणावळ निव्वळ वजनावर लागली आहे ना, ते पाहा. दागिन्यावर तीन खुणा शोधा: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) त्रिकोणी चिन्ह, २२के९१६ हा शुद्धतेचा आकडा आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळखक्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. हातात बांगडी आणि ॲपवर अंगठी दिसली, तर बिल करू नका. हॉलमार्कचं शुल्क नगाला ४५ रुपये अधिक जीएसटी, वजनावर नाही. बिलात याहून मोठा आकडा असेल तर कारण विचारा. बिल दोन लाखांवर जात असेल तर पॅन लागतो, आणि दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणं दुकानदाराला मुळातच बंद आहे. बिलावर योजनेचा खाते क्रमांक, बोनसची वेगळी ओळ आणि त्या दिवशीचा भाव छापून घ्या, पासबुकावर ‘खाते बंद’चा शिक्का मारून घ्या, मगच डबी उचला.