ग्लोबल फॉरेस्ट वॉच : कार्बनचा हिशेब बारकाईचा, पाण्याचा अधुरा

‘वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट’ या संशोधन संस्थेने 1997 मध्ये सुरू केलेल्या ‘ग्लोबल फॉरेस्ट वॉच’ या उपक्रमाचा परस्परसंवादी नकाशा फेब्रुवारी 2014 मध्ये सर्वांसाठी विनामूल्य खुला झाला. जंगलाविषयीच्या बातमीत उपग्रहाचा दाखला असेल, तर त्याचे मूळ बरेचदा येथेच सापडते. तोड कुठे झाली हे दाखवण्याचे काम हा नकाशा चांगले करतो, हे आता सर्वमान्य आहे. या परीक्षणात मात्र मी त्याच्याकडे वेगळ्या अपेक्षेने पाहिले आहे. जंगले आणि पाणथळ जागा पाण्याच्या व कार्बनच्या चक्रात काय काम करतात, हे समजून घेऊ पाहणाऱ्या अभ्यासू वाचकाला तो कितपत उपयोगी पडतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

नकाशाचा पाया मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांवरून तयार केलेली माहिती हा आहे. पृथ्वीचा पृष्ठभाग येथे 30 मीटर बाजूच्या चौकोनांत विभागलेला असून, 2001 पासूनच्या प्रत्येक वर्षी कोणत्या चौकोनातील वृक्षाच्छादन नाहीसे झाले हे पाहता येते. पाच मीटरपेक्षा उंच असलेली कोणतीही वनस्पती येथे ‘वृक्षाच्छादन’ ठरते. त्यामुळे शेकडो वर्षांचे मिश्र जंगल आणि ओळीने लावलेली निलगिरी किंवा तेलताड हे दोन्ही मूळ थरात एकाच रंगात रंगतात. दोन्ही वेगळे करायचे असतील तर प्राथमिक वनांचा आणि लागवडीचा असे निराळे थर चालू करावे लागतात, आणि नवखा वापरकर्ता ते करीलच असे नाही. शोधपद्धतीत वेळोवेळी सुधारणा होत गेल्यामुळे सुरुवातीच्या वर्षांतील घट अलीकडच्या घटीशी थेट ताडून पाहू नये, असा इशारा सेवेनेच दिलेला आहे. आलेख मात्र सर्व वर्षे एका रांगेत उभी करतो आणि तुलनेचा मोह वाढवतो.

कार्बनचा थर हे या सेवेचे सर्वांत मोलाचे अंग आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यामागील अभ्यासानुसार 2001 ते 2019 या काळात जगातील जंगलांनी दरवर्षी सरासरी 15.6 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषला, तर तोड, आगी व इतर कारणांनी जंगलांतून 8.1 अब्ज टनांइतके उत्सर्जन झाले. निव्वळ शोषण 7.6 अब्ज टनांचे धरले आहे (पूर्णांकनामुळे वजाबाकी काटेकोर जुळत नाही). पूर्वी देशादेशांच्या अहवालांतून जंगलाचा निव्वळ आकडाच बहुधा हाती येई. येथे शोषण आणि उत्सर्जन वेगवेगळे दिसतात, आणि एखाद्या खोऱ्यावर बोट ठेवून तेथील जमाखर्च पाहता येतो. आग्नेय आशियातील वर्षावने या काळात उत्सर्जक ठरली, ॲमेझॉन जेमतेम शोषणाच्या बाजूला राहिले आणि तीन मोठ्या वर्षावनांपैकी काँगोचे खोरे तेवढे भक्कम शोषक उरले, हा या थराचा ठळक निष्कर्ष आहे.

तरीही दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. त्याच अभ्यासात शोषणाच्या आकड्यापुढे अधिक-उणे 49 अब्ज टनांची अनिश्चितता छापलेली आहे, म्हणजे मूळ आकड्याच्या तिपटीहून अधिक. वय, प्रजाती आणि माती यांनुसार जंगलाच्या वाढीचा वेग किती बदलतो याची मोजमापे अनेक प्रदेशांत अपुरी असल्याचा हा परिणाम आहे. नकाशावरील हिरव्या-जांभळ्या छटांत या अनिश्चिततेचा मागमूसही दिसत नाही. दुसरे असे की, झाड पडले त्या वर्षीच त्याचे सारे उत्सर्जन खाती टाकले जाते, प्रत्यक्षात मुळे व ओंडके कुजायला वर्षे लागत असली तरी. शोषण मात्र पूर्ण कालखंडाची सरासरी म्हणूनच मिळते. एखाद्या दुष्काळी वर्षी जंगलाने किती कमी कार्बन घेतला, हा प्रश्न या थराला विचारण्यात अर्थ नाही.

पाण्याच्या बाबतीत नकाशा जवळजवळ मौन बाळगतो. वास्तविक कार्बन आणि पाणी यांचा व्यवहार पानावरच्या एकाच छिद्रातून चालतो. पर्णरंध्र उघडले की कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच वाटेने बाष्प बाहेर पडते. ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडणाऱ्या पावसाचा सुमारे अर्धा भाग जंगलातूनच पुन्हा हवेत जातो, हे एनेआस सालाती या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात पावसाच्या पाण्यातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंवरून) दाखवून दिले होते. म्हणजे किनाऱ्याकडचे जंगल तुटले तर त्याचा फटका वाऱ्याच्या दिशेने शेकडो किलोमीटर आत असलेल्या जंगलाला आणि शेतीला बसू शकतो. नकाशावर तोडीचा चौकोन गुलाबी होतो. वाऱ्याखालच्या ज्या प्रदेशाचा पाऊस त्यामुळे घटेल, तो जसाच्या तसा हिरवा राहतो. 2016 मध्ये याच संस्थेने पाणलोट क्षेत्रांसाठी एक स्वतंत्र साधन काढले होते आणि त्यात जंगलघट, धूप व आगी यांवरून प्रत्येक क्षेत्राचा धोका ठरवला जात असे. परंतु धोक्याची श्रेणी म्हणजे पाण्याचे मोजमाप नव्हे.

ही उणीव किरकोळ नाही, कारण झाडांच्या बाबतीत कार्बनचा नफा आणि पाण्याचा नफा पुष्कळदा एकमेकांच्या विरुद्ध जातात. गवताळ प्रदेशावर झाडे लावल्यास तेथील ओढ्यानाल्यांचा वार्षिक प्रवाह सरासरी 44 टक्क्यांनी घटतो, असे जगभरातील पाणलोट क्षेत्रांच्या नोंदी एकत्र करून 2005 मध्ये मांडले गेले. मेलबर्न शहराला पाणी पुरवणाऱ्या डोंगरांत 1939 च्या वणव्यात उंच निलगिरीची जुनी वने जळाली. त्यांच्या जागी वाढलेल्या दाट तरुण वनाने पुढची कित्येक दशके इतके पाणी ओढले की धरणांकडे येणारा प्रवाह काही ठिकाणी निम्म्यावर आला. असे तरुण वन कार्बनच्या थरात भरघोस शोषक म्हणून उठून दिसेल, आणि तो निष्कर्ष चूकही नसेल. याउलट जुने जंगल जमिनीत पाणी मुरवते, सरींचा मारा झेलते आणि कोरड्या ऋतूत झरे जिवंत ठेवते. हे काम कार्बनच्या वहीत कुठेच चढत नाही. केवळ या नकाशाच्या आधारे वृक्षलागवडीची जागा ठरवणाऱ्या नियोजकाला मी तरी आधी त्या खोऱ्यातील प्रवाहाच्या नोंदी मागवून घेण्याचा सल्ला देईन.

पाणथळ जागांच्या बाबतीत ‘झाड’ हे एककच तोकडे पडते. पीट, म्हणजे पाण्याखाली न कुजता साचत गेलेला वनस्पतींचा थर, पृथ्वीच्या भूभागाच्या अवघ्या 3 टक्क्यांवर आहे, पण त्यात जगातील सर्व जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा अधिक कार्बन आहे. काँगोच्या मध्यखोऱ्यातील दलदलीखाली सुमारे 1,45,500 चौरस किलोमीटर पीट असून त्यात 30 अब्ज टनांहून अधिक कार्बन साठला आहे, हे कळायला 2017 उजाडावे लागले. वरून ते साधे दलदलीचे जंगलच दिसत होते. हा साठा पाण्याच्या पातळीवर टिकून असतो. पातळी उतरली की प्राणवायू आत शिरतो आणि हजारो वर्षांची साठवण कुजू लागते किंवा पेट घेते. इंडोनेशियातील मध्य कालीमंतानमध्ये 1996 पासून भातशेतीच्या महाप्रकल्पासाठी हजारो किलोमीटरचे कालवे खणून पीटचा निचरा केला गेला, आणि 2015 च्या एल निनोच्या वर्षी तेथील धुराने शेजारी देशही झाकोळले. नकाशावरचे आगीचे ठिपके आणि पीटचा थर एकावर एक ठेवले तर हे सारे नाते स्पष्ट दिसते, आणि माझ्या मते या सेवेचा तो सर्वोत्तम उपयोग आहे.

मात्र कार्बनच्या हिशेबात पीटच्या निचऱ्याचे उत्सर्जन धरले जाते ते वृक्षाच्छादन गेले तिथेच. उत्तरेकडील झाडे नसलेल्या शेवाळी दलदलींचा निचरा कितीही झाला तरी या हिशेबाला त्याची खबर नसते. नैसर्गिक पाणथळ जागांतून निघणारा मिथेनही हिशेबाबाहेर आहे. शंभर वर्षांच्या मापाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट तापवणारा आहे. सुकलेले पीट पुन्हा भिजवले की मिथेन वाढतो, पण कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन त्याहून मोठ्या प्रमाणात थांबत असल्याने दीर्घकाळाचा ताळेबंद सहसा लाभाचाच राहतो. ही तडजोड जंगलाच्या नकाशावर शोधणे व्यर्थ आहे.

नव्या तोडीची खबर देणाऱ्या तातडीच्या इशाऱ्यांविषयी तक्रारीला फारशी जागा नाही. ढगांआडून पाहणाऱ्या रडारवर आधारित इशाऱ्यांमुळे बारमाही पावसाच्या पट्ट्यातील मोठी अडचण दूर झाली आहे. वेगवेगळ्या प्रणालींनी एकाच जागी घट नोंदवली की इशाऱ्याची विश्वासार्हता वरच्या श्रेणीत जाते. ‘फॉरेस्ट वॉचर’ हे मोबाइल ॲप संपर्काबाहेरच्या भागातही चालते, ही वनरक्षकांच्या दृष्टीने खरी सोय म्हणावी लागेल.

एकूण पाहता जंगलतोड आणि तिच्यामुळे होणारे उत्सर्जन यांसाठी ही सेवा मी निःशंकपणे सुचवीन. शोषणाचे आकडे मात्र खोऱ्याखोऱ्यांची ढोबळ तुलना करण्यापुरतेच वापरावेत. खारफुटीसाठी ‘ग्लोबल मँग्रोव्ह वॉच’ हा जपानी रडार उपग्रहांच्या आधारे उभा राहिलेला वेगळा नकाशा सोबत उघडावा, कारण तो भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील झाडांपुरता मर्यादित राहूनही मातीतील कार्बनचा अंदाज देतो. पाण्यासाठी नदीमापन केंद्रांच्या नोंदींना सध्या तरी पर्याय नाही, आणि त्या दोन्ही नकाशांच्या बाहेरूनच आणाव्या लागतात.